चौथं बटण

अण्णांनी बेचाळीस वर्षं होडी काढली.
पवननगरच्या भिंतीवर, अंबडच्या कंपन्यांच्या कुंपणावर,
एकदा चुकून पोस्टाच्या भिंतीवर, तेव्हा चौकीत बसून आले.
आधी चुन्याचा हात, वर निळीचा पट्टा,
मग ब्रश न उचलता एका दमात होडीची कड.
नाळ कायम डावीकडे.
पैसे कधी मिळाले, कधी नुसता चहा.

घरच्या नळाला पाणी पहाटे साडेतीनला,
तेही दीड हंड्यानंतर सुस्कारे टाकायचं.
आई म्हणायची, होडी काढता तर काढा,
ती तरंगेल एवढं पाणी तरी मागा कधी.
अण्णा हसायचे.
घरच्यांवर रागवावं, त्यांना सोडून जाऊ नये,
असं काहीतरी त्या हसण्यात असायचं.

मग पक्ष फुटला.
होडी एकाकडे राहिली, नावाडी दुसरीकडे गेला,
वल्ही कोर्टात.
दोन्हीकडची माणसं आली. दोघांनीही अण्णांना निष्ठावंत म्हटलं,
शालही तीच, दुकानातल्या घड्या न मोडलेली.
त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं
आणि ते अण्णांना कळलं नाही.

मी तशी नाही. मी कंपनीत गेज लावते,
शतांश मिलिमीटर चुकलं की जॉब लाल पेटीत.
मतही तसंच मोजून द्यायचं, मी ठरवलं होतं.
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
एक्स्लो पॉइंटपासून सहा दिवे बंद.
शेवटची सिटी बस नऊ चाळीसला, माझी पाळी सुटते अकराला.
पाणी. (दोनदा अधोरेखित.)
प्रभागात चार जागा, माणशी चार मतं,
कोण काय बोलतं ते टिपत गेले.

जानेवारीचा गारठा, शाळेची खोली,
फळ्यावर कुणीतरी न पुसलेला सातचा पाढा.
पांढऱ्या कागदावर दिव्यांसाठी महापालिकेत खेटे घातलेल्या
नर्स पगारेबाई, अपक्ष, शिलाई मशीन. दाबलं.
गुलाबीवर बसचं बोलणारा तो कोठावदे,
ज्याच्या पक्षाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. दाबलं.
पिवळ्यावर सात नावं.
एकही ओळखीचं नाही. वहीत काही नाही.
बोट हवेत थांबलं
आणि आपलं आपण होडीवर गेलं,
अंधारात घरातल्या स्विचवर जातं तसं.
मला माझीच लाज वाटली, थोडी.
निळ्याचं सांगत नाही.

बाहेर आई, बोटावरच्या शाईला फुंकर घालत:
"कोणले दिधं व?"
म्हटलं, चौघांना.

मग अण्णा आत गेले.
दर वेळी आम्ही चप्पल नीट घालेपर्यंत ते बाहेर असायचे.
या वेळी दारातून कान लावून उभ्या राहिलो.
चौथं बटण दाबेपर्यंत मशीन बोलत नाही.
ते बोलेना.
होडीचा पोलिंग एजंट, ज्यानं मघाशी वाकून पाया पडल्यासारखं केलं,
आता खुर्चीच्या कडेवर आलेला.
अधिकारी म्हणाले, "बाबा, चारही दाबली ना?"
पुठ्ठ्याच्या आडून आवाज आला,
"थांबा. वाचतोय."

बेचाळीस वर्षांत त्यांनी
तो कागद कधी वाचला नव्हता.

शिट्टी वाजली. लांब.
अण्णा पँटला हात पुसत आले,
काम आटोपल्यावर पुसतात तसे,
हाताला रंग नसताना.
टपरीपर्यंत कुणीच काही बोललं नाही.
चहा बशीत ओतून म्हणाले,
"नाळ उजवीकडे छापलीय त्यांनी."
आई म्हणाली, "मग?"
"मग काय.
ओळखायला वेळ लागला."