घट

नंदेसरीत सात नंबरच्या टाकीला बेचाळीस पायऱ्या.
सकाळी सहाला चढायचो, पत्रा तापायच्या आधी,
खिशात पेस्टची ट्यूब, हातात पितळी ओळंब्याची टेप.
झाकण उघडलं की तोंड फिरवायचं,
वारा पाठीशी घ्यायचा,
मग टेप सोडायची अंधारात, तळाला ठक् होईपर्यंत.
जिथवर ओली, तो आकडा.
पण अ‍ॅसिटोन आकड्यासाठीसुद्धा थांबत नाही,
वर ओढेस्तोवर टेप कोरडी.
म्हणून पेस्ट. तिचा रंग बदलतो.
तेवढाच पुरावा.

एक मिलिमीटर म्हणजे अठ्ठावीस लिटर.
मुलींच्या जन्मतारखा चुकतील, हे नाही.

टाकी श्वास घेते हे मला मेलाभाईनं शिकवलं.
मेलाभाई परमार, व्हॉल्व्ह ऑपरेटर, गाव अनगढ.
नाव पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली,
"आणि तरी कामावर येतो?"
रात्री महीवरचा गार वारा टाकी आत ओढते,
दुपारी उन्हानं पोट फुगतं, मग सोडते
छपरावरच्या नळीतून.
दिसत काहीच नाही. फक्त पलीकडचे विजेचे खांब
लुकलुकतात, पाण्यात उभे केल्यासारखे.
ते लुकलुकणं म्हणजे माल.

रजिस्टरात त्याला एक रकाना होता: घट.
उन्हाळ्यात पंधरवड्याला चौदा मिलिमीटर.
ऑडिटचे सोनपाल चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे,
"गेलं कुठं?"
मी वर बोट करायचो,
कुणी वारलं की करतात तसं.
ते टिक करायचे.

एका वर्षी टाकीला पांढरा रंग दिला. बारावर आलं.
मग आलं तरंगतं छप्पर,
आतल्या आत, द्रवालाच टेकलेलं,
दुधावर साय धरावी तसं अ‍ॅल्युमिनियम.
बसवणारा पोरगा म्हणाला, काका, आता श्वासाला जागाच नाही.

पहिला पंधरवडा.
टेप सोडली. वर काढली. पुसली. पुन्हा सोडली.
सात.
ऊन नाही, वारा नाही, तरी सात.
सात गुणिले अठ्ठावीस. कागद लागला नाही:
एक ड्रम.

खाली मेलाभाई फडक्यानं व्हॉल्व्ह पुसत होता,
आधीच पुसलेला.
एवढी वर्षं मी त्याचा ड्रम सूर्याच्या खात्यावर
सुवाच्य अक्षरात चढवत आलो होतो,
आणि सूर्यानं एकदाही सही करायला नकार दिला नव्हता.

त्याच्या स्कूटरला वास येत असणार. डिकीला, बाह्यांना.
बायको म्हणालीही होती एकदा,
दिवाळीत तो फरसाण घेऊन आला तेव्हा,
याला तुमच्याहून जास्त वास येतो.
मला काय कळणार.
मला आमटी करपलेलीही डोळ्यांनी कळते.
नाकातून जे गेलं त्याला रकाना नाही,
ते नळीतूनही गेलं नाही, डिकीतूनही नाही.

चहाच्या वेळी तो समोर बसला.
"छप्पर बरोबर बसलं?"
बसलं.
"मग किती आलं?"
मी म्हटलं, अजून तापमान लावायचंय.
बशीत ओतलेला चहा तो बराच वेळ फुंकत राहिला.
वाफ निघायची थांबली तरी फुंकत होता.

नवरात्र चालू होतं.
गल्लीच्या चौकात मांडलेला गरबो,
भोकाभोकांचा घट,
त्यातून उजेड गळत होता आणि बायका त्याभोवती फिरत होत्या.
गळतो म्हणून कुणी भोकं बुजवत नव्हतं.
मी तिथं फार वेळ उभा राहिलो,
मुलगी म्हणाली, बाबा, चपला सापडत नाहीत का?

रकान्यात सात लिहिलंय. पेन्सिलीनं.
सोमवारी सोनपाल येतील.
पेन्सिलीचं उडून जात नाही,
कुणीतरी हातानं पुसावं लागतं.

अंगावरचा शर्ट बायकोनं चिमटीत धरून बादलीत टाकला.
"सातवी ना आज?"
हो, म्हटलं.
सातवीच.