आयत्या वेळचे विषय

रविवार, साडेदहा. जुवें पंचायतीत गणपूर्ती नव्हती,
म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून
तीच सभा पुन्हा सुरू केली, तेवढ्याच माणसांनिशी.
मी सचिव. माझं काम लिहिणं.
कोण बरोबर ते मला विचारू नका,
कोण कधी उठलं एवढंच मला माहीत असतं.

विषय दुसरा: खाजनातल्या पडीक शेतांवर सौर पट्ट्या.
कंपनीचा मुलगा पणजीहून आला होता,
बुटांना अजून चिखल न लागलेला.
पडद्यावर त्याने पृथ्वी दाखवली, तांबडीलाल,
मग एक रेघ, वर वर जाणारी.
मागून इनासियो उठला: 'ही रेघ कुणी काढली?'
मुलाने संस्थेचं नाव सांगितलं. लांबलचक.
'ते कधी आमच्या बांधावर चाललेत?'
हशा. मी हशा लिहीत नाही.

इनासियो म्हणाला, पाणी वाढतंय हे थोतांड.
आधी बांध फुटू द्यायचा, मग शेताला पडीक म्हणायचं,
मग पडीकावर काच अंथरायची
आणि काचेखालची जमीन कुणाची, ते विसरायचं.
पहिलं वाक्य मी तसंच उतरवलं.
पुढच्या तिन्हींखाली रेघ मारली,
पेन्सिलीने, खोडता येईल अशी.

सुचेताबाई पंच म्हणाल्या, अहो, पण जग...
जग म्हटलं की अर्धी सभा खिडकीबाहेर बघते.
'गोबरगॅस आणलात तेव्हाही जगच म्हणाला होतात!'
त्या टाकीत आता फेर्मीनची कोंबडी अंडी उबवते.
सौर दिव्यांच्या बॅटऱ्या पहिल्याच चतुर्थीला गेल्या,
खांब उरले, त्यांवर सगळ्या पक्षांचे चेहरे.
भेंडीच्या मळ्यातून तशाच आलेल्या बायका
कुसळांनी खाजणारे हात चोळत म्हणाल्या,
वीज द्या नाहीतर देऊ नका, आधी नळाला पाणी द्या.

सत्तेतला वॉर्ड म्हणाला, हवामान.
विरोधातला म्हणाला, कमिशन.
मागच्या निवडणुकीआधी
हीच वाक्यं अदलाबदलीने त्याच तोंडांत होती.
वही काढून दाखवू शकते. कोणी मागत नाही.

मग सगुण तारीला उभं केलं, मानशीवरच्या,
दोन्ही बाजूंनी, आपापलं उत्तर खिशात घेऊन.
सांग बाबा, पाणी वाढलं की नाही?
सगुण म्हणाला, ते मला कळत नाही.
बापाच्या वेळी मानशीच्या दाराला फळ्या पाच.
सहावी मी मारली, धाकटी जन्मली त्या वर्षी.
सातवी तिच्या लग्नाआधी.
आता पुनवेला सातवीवरून येतं.
आठवी हवी. माट्टीची. फणस टिकत नाही खाऱ्यात.
अर्ज मार्चमध्ये दिलाय.

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं,
आयत्या वेळचे विषय, क्रमांक तीन.
गटार आणि फुटबॉलच्या गोलखांबानंतर.

मतदान झालं: बाजूने एकवीस, विरोधात चौतीस.
हात अर्धा वर नेऊन डोकं खाजवणाऱ्यांना रकाना नाही.
गोलखांबांवरून भांडण एक वाजेपर्यंत चाललं,
घराघरांतून हुमणाचा वास आला,
सभा संपली. तिसरा विषय पुढच्या तिमाहीत.
सगुण कधीच गेला होता. भरतीची वेळ.

दुपारी सही घ्यायला बांधावरून जात होते.
समोरून इनासियो, खांद्यावर फळी:
त्याच्या मोडक्या होडीची, एका कडेला अजून निळा रंग.
मी काही विचारलं नव्हतं. तरी म्हणाला,
'पाणी वाढलेलं नाही हां. जुनी फळी कुजलीय.'
सगुण पाण्यात कमरेएवढा, काही बोलला नाही,
तोंडात दोन खिळे होते.
फळीचं दुसरं टोक धरायला माणूस कमी पडत होता.
मी वही बांधावर ठेवली
आणि वर एक दगड,
वाऱ्याने पानं उलटू नयेत म्हणून.