डावीकडची मागतात सगळे

पुएर्तो माँतचा विमानतळ, काउंटर चार.
पहाटे मी दिवा लावते तेव्हा
काचेबाहेर धुकं असतं, आणि रांगेत
पाठपिशव्या उभ्या, माणसं त्यांना टेकलेली.

दक्षिणेकडच्या विमानात
डावीकडची मागतात सगळे.
कुणी ना कुणी सांगितलेलं असतं: डावीकडे अँडीज,
डावीकडे ज्वालामुखी, बर्फाची मैदानं.
खरंच आहे ते.

पण मी म्हणते, पंखावरची रांग घेऊ नका,
दोन तास पत्र्याची पाठ बघत बसाल.
फार मागेही नको,
इंजिनाच्या गरम वाफेत आख्खा डोंगर
तापल्या तव्यावरच्या हवेसारखा थरथरतो.
आणि नववी रांग तर नकोच नको.
नवव्या रांगेला खिडकीच नाही.
एका जर्मन गृहस्थांनी महिनाभर आधी
जादा पैसे भरून तीच निवडली होती.
उतरल्यावर त्यांनी तक्रारवहीत लिहिलं:
भिंत स्वच्छ होती.

सकाळच्या विमानाची आणखी एक गोम,
सूर्यही डावीकडेच बसतो, बिनतिकिटाचा.
डोंगर मग नुसते काळे, कातरून चिकटवल्यासारखे.
दुपारचं घ्या. ऊन समुद्राकडून येतं
आणि बर्फाला अंग येतं.
हे ऐकून माना हलवतात सगळे,
हातात तिकीट सकाळचंच असतं.

आज एर्मेलिंदा चिगुआय आल्या.
वय एक्याऐंशी. लोकरीची टोपी कानांपर्यंत,
सुतळीने आवळलेला एक खोका,
आत वाळवलेले शिंपले.
त्यांच्या आधी वास पोचला काउंटरवर.
चिलोएच्या आतल्या कुठल्याशा बेटावरून
रात्रभर होडी, मग बस. आता पुंता अरेनास,
मुलाकडे.
परतीचं तिकीट नाही. ते मी पडद्यावर वाचलं,
बोलले नाही.

"खिडकी दे," त्या म्हणाल्या. "उजवीकडची."
"बाई, डोंगर डावीकडे आहेत."
"असू देत. डोंगरांना बघायला माणसं आहेत की एवढी.
उजवीकडे चिलोए लागतं ना?"
"सात मिनिटं. फार तर आठ."
"पुरे झाली."

मी हवामानाचा कागद ओढला.
चिलोएवर ढग. नेहमीचेच,
न कातरलेल्या मेंढीसारखे दाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कागद उलटा ठेवावा असं वाटलं क्षणभर.
"बाई, खरं सांगू? आज काही दिसायचं नाही."

त्या हसल्या. पुढचा एकच दात, पण हसू भरपूर.
"अगं पोरी, जन्म गेला माझा त्यांच्याखाली.
बटाटे लावले, बटाटे काढले,
नवऱ्याला मातीत ठेवला त्या दिवशीही
हेच वर लोंबत होते.
एक्याऐंशी वर्षं या ढगांची पोटं बघितली.
एकदा पाठ तर बघू दे!"

सहावी रांग दिली. उजवी. पंखाच्या पुढे.
खोका सव्वा किलो जास्त भरला,
पण माझ्या काट्याला सकाळी सकाळी
तेवढं बारीक दिसत नाही.

त्यांच्या मागे एक तरुण जोडपं होतं.
"डावीकडची," तो म्हणाला,
मग तिच्याकडे वळून, "हो ना?"
मी दोघांना डावीकडच्या दिल्या.

अकरा वर्षांत मी स्वतः जागा निवडलेली नाही.
नोकरांच्या तिकिटाला उरलेली मिळते,
बहुतेक मधली,
दोन अनोळखी कोपरांच्या बेचक्यात.

सहा पन्नासला विमान उडालं.
काउंटरवरून ते दिसत नाही, आवाज तेवढा येतो,
आणि पेनांच्या डब्यात पेनं किंचित हलतात.

सहा सत्तावन्नपर्यंत
मी पुढच्याला हाक मारली नाही.
रांग कुरकुरली.