ती नाव, ते नाव

जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात,
झावळ्यांनी शाकारलेल्या,
आणि आचऱ्याच्या सोसायटीत मला वेळ असतो.
खात्याच्या सर्व्हरवर दोनशे सतरा परवाने,
सगळ्यांचं नाव एकच : परवाना.
परवा उतरवून घेतले
तर प्रत्येक जण आधीच्याच्या डोक्यावर येऊन बसला.
अडीच तासांनी फाइल उरली एक.

म्हणून काल रात्री काळ्या खिडकीत
चार ओळींचा फेरा लिहिला :
एकपासून सुरू कर. क्रमांक माग.
येईल तो कागद
यादीतल्या त्याच ओळीच्या नावाने ठेव.
पुढचा घे.
एंटर दाबलं, चहा ठेवला.

काय सुरेख येत होत्या!
हिरादेवी. गजलक्ष्मी. नूर-ए-दर्या.
जाळं झाडताना इंदू तारी जशी
सौंदाळा, लेप, मांदेली
न बघता ज्याच्या त्याच्या टोपलीत टाकते,
तशी ती खिडकी.
फक्त इंदूच्या हाताला मासा कळतो.

सकाळी अब्बास मुजावर दारात,
हातात मीच दिलेली प्रिंट, कडा भिजलेल्या.
"ह्यो कागद पद्मजाचो गो. माझो खंय?"

पद्मजा.
खाडीच्या तोंडाशी खडकावर गेली, ऑक्टोबरात.
तिची ओळ यादीतून मीच काढली होती,
गोविंद कुबल भिंतीवरची यादी
बोट ठेवून वाचतात, म्हणून.
नाव फुटली, तर तिचं नाव कशाला ठेवायचं?
पण खात्याला फुटल्याचं कोणी कळवलंच नव्हतं.
तिथे ती अजून एकशे त्रेचाळीस,
वल्हं, इंजिन, चार खलाशी, सगळ्यासकट.

तिच्या कागदाला मिळालं अब्बासच्या होडीचं नाव,
अब्बासच्या कागदाला पुढचीचं,
आणि असं सरकत सरकत
दोनशे सतराव्याला काहीच उरलं नाही,
नुसता टिंब.
टिंबाने सुरू होणारी फाइल यादीत दिसत नाही.
ती मला दुपारी सापडली.

अब्बास बाकावर बसून होता, बिडी न पेटवता.
मी ओळ परत लिहिली. प, द, म.
जोडाक्षर दोनदा चुकलं.
फेरा पुन्हा सोडला.
एकशे बेचाळीस.
एकशे त्रेचाळीसला खिडकी जरा थांबली.
नेटवर्क असेल.
मग बाकीच्या चौऱ्याहत्तर
आपापल्या नावात जाऊन बसल्या.

"आता बघ," मी म्हटलं.
अब्बासने कागद उजेडात धरला,
इंजिनाचा नंबर मोठ्याने वाचला,
आणि घडी घालताना विचारलं,
"तिचो खंय ठेवलंस?"