रेचा नंबर सहा

उद्या साहेब येणार, म्हणून आज दुपारी मला फोन.
बारा पाट्या, पिवळ्यावर काळं, संध्याकाळपर्यंत.
पैशाचं नंतर बोलू, म्हणाले डोंगरवार मॅनेजर.
नंतर म्हणजे होळीनंतर, हे मला ठाऊक.

मी गुणवंत पेंटर, मारेगाव.
ट्रॉल्यांच्या मागं पोरांची नावं लिहितो,
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शौचालयाचे फायदे,
सलूनवर एक हिरो, जो कुणासारखाच दिसत नाही.
अक्षराला वळण आहे, असं लोक म्हणतात.
'धूम्रपान'मधला धू मी असा काढतो
की त्याच्या उकारातूनच धूर निघावा.
ती पाटी गेटवर ठोकली तेव्हा
नथ्थू चौकीदारानं शिडी धरली होती,
बिडी कानावर ठेवून.

जिनिंगमध्ये रंग वाळत नाही,
रंगाला केस फुटतात.
रुई उडत असते, ओल्या अक्षरावर येऊन बसते.
'सावधान'ला दाढी येते,
'धोका' म्हाताऱ्यासारखा दिसायला लागतो.
फुंकर मारली तर आणखी चिकटते.

सहा नंबरच्या रेच्यावर पंचफुला मडावी,
पदर कमरेला खोचलेला, तोंडाला फडकं,
भुवया पांढऱ्या.
पट्टा बदलायला रेचा थांबला
तेव्हा एकदम सगळं ऐकू यायला लागलं,
तिचा आवाजसुद्धा:
"काय लिवलं, भाऊ?"

वाचून दाखवलं.
चालू यंत्रात हात घालू नये.

"कोणाले सांगून राह्यला?"
तुम्हालाच.
"मंग मले वाचता येते का?
आमी सातजणी हावो. कोणाले येते, इचार.
हात काढ ना बाप्पा. हाताचं चित्र काढ."

काढला. एका दमात.
ती मान वाकडी करून बघत राहिली.
"हा तं मॅनेजरचा हात हाय.
भेग नाई, बांगडी नाई.
याले पाहून कोण भेते?"

मग फडक्याला पुसून
तिनं स्वतःचाच हात दुसऱ्या पाटीवर ठेवला, पालथा.
माझी पेन्सिल कडेकडेनं निघाली,
अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं,
आणि पुढं वर चढायला गेली
तर चढायला काही नव्हतंच.
बुडाशी गोल वळून ती थेट करंगळीवर.

"मांगच्या दिवाईत," ती म्हणाली.
"तवा पाटी नोती."
मी लाल डबा उघडत होतो.
"असती, तरी नुसतं लिवलेलंच असतं."
पट्टा बसला. रेचा सुरू झाला.
त्यानंतर ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

साहेब आले. चहा झाला.
वहीत बारा खुणा झाल्या.
सहा नंबरपाशी थांबून म्हणाले,
चित्र चांगलं, पण एक बोट राहिलं की हो.
पेंटर घाईत होता, सर. आजच करून घेतो.

आणि मी ब्रश घेऊन गेलो. खरंच गेलो.
पैसे अडकले होते.
पाहतो तर पाटीपुढं एक नवी पोरगी उभी,
शिवनीकडून आलेली, वय अठरा सांगते.
हातावर हात ठेवून बघत होती,
बांगडीचं माप घ्यावं तशी.
तिचं एक बोट कोऱ्या पिवळ्यावर उरलं.
तिनं ते दोनदा उचलून पाहिलं.
मग हात मागं घेतला
आणि कापूस लोटायला
कोपऱ्यातली लाकडी फळी शोधून आणली.

डोंगरवारांना सांगितलं, लाल संपला.
डबा पिशवीत होता, अर्धा भरलेला.

होळीनंतर पैसे मिळाले, अकरा पाट्यांचे.
बारावीचं काम, म्हणाले,
अपुरं आहे.