एकसष्ट, झिजून

ओहोटी, सकाळी सहा-दहा. दिवाळ्याच्या चिखलात
गुडघाभर रुतून मी फुटाची चौकट टाकते.
आत तिसऱ्या चार, पैकी तीन रिकाम्या,
एक बाटलीचं बूच.
सगळ्यात मोठी अडतीस मिलिमीटर.

पोशीबाय ओट्यावर कैरी सोलतेय
आईच्या वेळच्या शिंपलीनं.
जात तीच. धार खाल्ली गेलीय,
अंगठ्याजागी खोबण.
"जरा बघू," म्हणत कॅलिपर लावते.
एकसष्ट.
पुन्हा लावते. झिजूनही एकसष्ट.

तक्त्यात रकाना नाही
विळीशेजारी सापडलेल्या नमुन्याला.
समासात लिहिते:
खाडी हीच. साल ठाऊक नाही.
गोळा करणारी – हिची आई.

"झायलं मोजून?"
तिचा हात केव्हाचा पुढे.
"आन इकरं. कैरी काळी परतेय."