मसुरीएवढी

सलोमी सकाळी साडेसातला वॉर्डमधून येते,
पांढरे बूट दाराशीच सोडते,
आणि खिडक्यांना चंदेरी कागद चिकटवलेल्या खोलीत
तिची रात्र सुरू होते.
माझा दिवस त्याच खोलीत, पडद्याच्या अलीकडे:
न बांधलेल्या इमारतींची चित्रं संगणकाकडून रंगवून घेणं,
काचेवर ऊन, लॉबीत कुंड्या, कुंड्यांपाशी
एकमेकांना न ओळखणारी माणसं.

एकेका चित्राला चार-चार तास.
प्रोसेसर तापतो, त्याच्याबरोबर फुकट आलेला पंखा
पिठाच्या गिरणीसारखा भरडत राहतो,
ती झोपेतच दुसरी उशी कानावर ओढते.
तक्रार नाही.
तक्रार केली असती तर मी बहुधा
पुढच्या पगारावर ढकललं असतं.

गुदैबियात, इस्त्रीवाल्याच्या वरती, बिजूचं दुकान.
"पाण्यावरचा घे," तो म्हणाला, "दिवे पण लागतात, सात रंगांचे."
दिवे नको होते. पाणी तर नकोच,
पंख्याची घरघर जाऊन पंपाची यायची,
आगीतून फुफाट्यात.
मला हवा होता जाडजूड, मुका,
तांब्याच्या नळ्यांचा, दाट पातींचा,
आणि त्याला मोठा पंखा.
मोठा पंखा सावकाश फिरून तेवढंच वारं देतो,
लहान असतो तो ओरडतो.
(हे मी पंख्यांबद्दलच म्हणतोय.)

शिवणाच्या टेपने घरून मोजून गेलो होतो,
प्रोसेसरपासून झाकणापर्यंत साडेपंधरा सेंटीमीटर.
मनात भरला तो तीन मिलिमीटरनी उंच निघाला.
"झाकण उघडं ठेव की," बिजू.
या बेटावर? जिथे धूळ
बंद कपाटातल्या ताटातसुद्धा जेवून जाते?
मग त्याचा बुटका भाऊ घेतला. साडेचौदा दिनार.
दिनाराचे रुपये करायचे नाहीत
असं ठरवून पाच वर्षं झाली.
जिना उतरेपर्यंत केलेच.

पेस्ट सिरिंजमधून येते.
हे काम खरं तर सलोमीचं,
थेंब कुठे थांबवायचा ते तिच्या अंगठ्याला माहीत.
माझ्याकडून पहिल्यांदा हरभऱ्याएवढी पडली.
पुसली, स्पिरिटने, तिच्याच पेटीतल्या कापसाने.
मग मसुरीएवढी.

दोन्ही धातू आरशासारखे.
नख फिरवून पाहिलं, कुठे अडत नव्हतं.
तरी म्हणे ते टेकतात फक्त उंचवट्यांवर,
मधे डोळ्यांना न दिसणारे खळगे, खळग्यांत हवा,
आणि हवा पलीकडची ऊब अलीकडे येऊ देत नाही.
तेवढंच भरायचं.
जास्त भरलं तर भरणच भिंत होतं.
चार स्क्रू, कोपऱ्याला कोपरा, थोडे थोडे,
आधी एक मग त्याच्या समोरचा.
यात मला तासभर लागला,
तिच्या श्वासाकडे कान ठेवून.

दुपारी दोनला चित्र लावलं.
बाहेर पंचेचाळीस, आत प्रोसेसर अडुसष्ट,
पूर्वी ब्याण्णववर जाऊन कण्हायचा तो.
मी मांडणीला कान लावला.
काहीच नाही.
नेमका तेव्हाच एसीचा कॉम्प्रेसरही दम खायला थांबला
आणि खोली इतकी शांत झाली
की खाली कुणाच्या तरी किल्ल्या वाजल्या त्या कळल्या.

पडदा हलला. सलोमी उठून बसलेली,
केस एका गालाला चिकटलेले,
हात उशाशी काहीतरी शोधत होता,
पुठ्ठा असावा, किंवा वहीचं कव्हर,
वारं घ्यायला.
"लाइट गेली काय रे?"

पाच वर्षांत इथे एकदाही गेलेली नाही.
पण तिचं कान मिरजेत तयार झालेलं,
तिथे उन्हाळ्यात पंखा गप्प झाला
की झोपलेलं सगळं घर एकदम जागं.
"नाही गेली," मी म्हटलं, "झोप तू."
"मग एवढं गप्प कसं?"

काय सांगणार. साडेचौदा दिनार.
ती आडवी झाली, पण डोळे उघडेच दिसत होते.
मी सेटिंगमध्ये गेलो,
फेरे सातशेवर बांधले होते ते हजार केले,
मग बाराशे.
बारीक घूं सुरू झाली.

तिने कूस बदलली.
उशी या वेळी डोक्याखालीच राहिली.